भाषेचे घरटे आणि पोटाचा प्रश्न

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. तिच्यापासून फार दूर नसलेल्या, डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात वैनुइओमाता नावाची वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त घरांच्या ओढीने येथे कामगार कुटुंबे येऊन राहिली. त्यांत माओरी कुटुंबे पुष्कळ होती. या वस्तीतील पुकेआतुआ कोकिरी केंद्रात एप्रिल १९८२ मध्ये एक बालवाडी सुरू झाली. बालवाडी हा शब्द केवळ सोयीचा. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईंऐवजी तेथे वस्तीतल्या आज्या, आत्या, मावश्या आणि आया होत्या. मुलांशी दिवसभर फक्त माओरी भाषेत बोलायचे, एवढाच तिचा अभ्यासक्रम. या उपक्रमाला नाव दिले गेले ‘कोहांगा रेओ’, म्हणजे भाषेचे घरटे. आज हे नाव भाषाशास्त्राच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक आहे. हवाई बेटांतील लोकांनी पुढच्या दोनच वर्षांत ही कल्पना उचलली आणि आपल्या बालवाड्यांना त्याच अर्थाचे नाव दिले.

परंतु या सर्वपरिचित कहाणीतील एक तपशील बहुधा गाळला जातो. हे घरटे ज्या केंद्रात बांधले गेले, ते काही केवळ भाषेसाठी स्थापन झालेले नव्हते. कोकिरी केंद्रे ही माओरी व्यवहार खात्याच्या पुढाकाराने उभी राहिलेली, पण वस्तीतील लोकांच्या हाती कारभार असलेली ठिकाणे होती. शाळा अर्धवट सोडलेल्या, नोकरी नसलेल्या तरुण-तरुणींना हातचे काम शिकवणे हा त्यांच्या उद्योगाचा मोठा भाग होता. काळही तसाच होता. पेटोनी येथील गिअर कंपनीचा जुना मांस-कारखाना १९८१ साली बंद पडला, आणि अशा कारखान्यांतूनच माओरी कुटुंबांची चूल पेटत असे. तेव्हा एका खोलीत शिवण, विणकाम, लाकडावरील कोरीव काम किंवा कचेरीतले काम शिकणारी मुले-मुली आणि शेजारच्या खोलीत आजीच्या मांडीवर बसून माओरी शब्द उच्चारणारी त्यांची भावंडे किंवा अपत्ये, असा हा संसार होता. भाषा आणि रोजगार यांची ही शेजारी-शेजारी मांडणी योगायोगाने झाली असे समजणे चूक ठरेल. माओरी भाषा ज्या कारणाने घराबाहेर गेली होती, त्या कारणावरच तेथे बोट ठेवले गेले होते.

ते कारण कोणते? १८६७ च्या कायद्याने न्यूझीलंड सरकारने माओरी मुलांसाठी गावोगाव शाळा काढल्या आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरवले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शाळेच्या आवारात माओरी बोलल्याबद्दल छड्या खाल्लेल्या माणसांच्या आठवणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात, आणि त्या खऱ्या आहेत. तथापि केवळ छडीने भाषा मरत नाही. १९१३ साली, म्हणजे या शाळा सुरू होऊन जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावरही, माओरी शाळकरी मुलांपैकी ९० टक्के मुले माओरी बोलत होती. १९५३ साली हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले आणि १९७५ साली ५ टक्क्यांच्याही खाली गेले. म्हणजे छडीच्या धाकात जी भाषा तगली, ती छडी सैल झाल्यानंतरच्या काळात कोसळली!

या कोड्याचे उत्तर शाळेबाहेर सापडते. महायुद्धापूर्वी सुमारे तीन-चतुर्थांश माओरी लोक खेड्यांत राहत. दोन दशकांत चित्र पालटले आणि १०० पैकी ६० माणसे शहरांत आली. खेड्यात सभागृह होते, गणगोत होते, मयताला आणि लग्नाला बोलायची भाषा माओरीच होती. शहरात आलेल्या माणसाला सरकारने घर दिले, परंतु माओरी वस्ती एके ठिकाणी होऊ नये म्हणून एकेक कुटुंब गोऱ्यांच्या शेजारात विखरून बसवण्याचे धोरण ठेवले. जेवणावर मिरपूड भुरभुरावी तशी ही घरवाटणी, असे तिला तेथे उपहासाने म्हणतात. शेजारी इंग्रजी, कारखान्यात मुकादम इंग्रजी, दुकानात इंग्रजी. अशा घरातल्या आईबापांनी मुलांशी मोडक्यातोडक्या का होईना, पण इंग्रजीत बोलायचे ठरवले, तर त्यांना दोष कोणी द्यावा? मुलाने चार पैसे मिळवावेत, आपल्यासारखे कष्टात दिवस काढू नयेत, एवढीच त्यांची इच्छा होती. भाषा आपोआप राहील असे त्यांनी गृहीत धरले. ती राहिली नाही.

व्यवसाय-शिक्षणानेही या गळतीस हातभारच लावला. १९५९ पासून माओरी व्यवहार खात्याने खेड्यातल्या मुलांना ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च अशा शहरांत आणून, वसतिगृहात ठेवून, सुतारकाम, नळकाम, रंगकाम, विजेचे काम शिकवण्याची योजना चालवली. योजना चांगली होती. तिने हजारो तरुणांच्या हाती कसब दिले आणि त्या पिढीचे लोक आजही तिच्याविषयी कृतज्ञतेने बोलतात. परंतु गावातले वय वर्षे सोळा-सतराचे पोर शहरात आले, कारागीर झाले, तेथेच संसार थाटून राहिले आणि त्याच्या मुलांना आजीची भाषा कळेनाशी झाली. एका हाताने खात्याने धंदा दिला आणि दुसऱ्या हाताने, नकळत का असेना, भाषा काढून घेतली. या योजनेत वाईट हेतू शोधण्याचे कारण नाही. पोट आणि भाषा ही दोन निरनिराळी खाती आहेत, असे मानणाऱ्या कारभारातून हे घडणारच होते.

१९७२ च्या सप्टेंबरात ‘न्गा तामातोआ’ या तरुणांच्या संघटनेने आणि विद्यापीठातील माओरी भाषाप्रेमींनी तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला सादर केला. अर्ज देणाऱ्यांत हाना ते हेमारा ही तरुणी अग्रभागी होती. शाळांतून माओरी शिकवा, एवढीच मागणी. ती मागणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतःला ती भाषा धड येत नव्हती, हे या अर्जातील खरे दुःख. पुढे रिचर्ड बेंटन यांनी १९७३ ते १९७८ या काळात घरोघर जाऊन केलेल्या पाहणीत दिसून आले की, अस्खलित माओरी बोलणारे जेमतेम सत्तर हजार उरले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य उतारवयाचे आहेत. म्हणजे भाषेचे आयुष्य आज्या-आजोबांच्या आयुष्याएवढेच उरले होते.

आजीची पदवी

हा हिशेब कळल्यावर नेहमीचा उपाय म्हणजे समिती नेमणे, शब्दकोश छापणे, पाठ्यपुस्तक मंडळ काढणे. वैनुइओमाताच्या बायकांनी तो मार्ग धरला नाही. १९७७ साली माओरी व्यवहार खात्याचे सचिव झालेले कारा पुकेतापू यांनी ‘तू तांगाता’, म्हणजे ताठ उभे राहा, या नावाने एक नवे धोरण आणले होते. खात्याच्या कचेरीने लोकांसाठी योजना आखण्याऐवजी लोकांनी आपल्या योजना सांगाव्यात आणि कचेरीने पाठीशी उभे राहावे, असा त्याचा मथितार्थ. खात्यात असे धोरण जाहीर होणे ही काही फार अपूर्व गोष्ट नव्हे. ते अमलात येणे मात्र खचितच अपूर्व. इरिताना ताफिफिरांगी यांच्यासारख्या खात्यातल्याच कार्यकर्त्या स्त्रिया वस्त्यावस्त्यांतून हिंडल्या. ज्येष्ठांच्या सभा झाल्या. मूल जन्मल्यापासून त्याच्या कानी माओरी पडली पाहिजे आणि ती पाडणारी माणसे अजून जिवंत आहेत तोवरच हे होऊ शकते, हे साधे सत्य तेथे मान्य झाले. आजीला पगार नव्हता, प्रमाणपत्र नव्हते. कालपर्यंत शहरातल्या घरात ती अडचण होती. आज तिच्याशिवाय केंद्र चालेना.

त्यानंतरची वाढ कोणत्याही सरकारी योजनेला लाजवील अशी होती. वर्षभरात अशी शंभरेक घरटी उभी राहिली. १९८५ पर्यंत पावणेचारशेच्या वर केंद्रे आणि सुमारे सहा हजार मुले झाली. ही केंद्रे चर्चच्या सभागृहात, जुन्या शाळांत, घरांच्या गॅरेजमध्ये भरली. सरकारी अनुदान तुटपुंजे होते. बाकीचे वर्गणीतून, खाद्यपदार्थ विकून, पदरमोड करून.

येथे वाचकाने मुलांवरची नजर क्षणभर बाजूला करून मोठ्यांकडे पाहावे. प्रत्येक घरटे त्या त्या ‘फानाउ’ने, म्हणजे विस्तारित कुटुंबाने चालवायचे, असा दंडक होता. याचा अर्थ असा की, हिशेब कोणी तरी ठेवायचा, सभेचे इतिवृत्त कोणी तरी लिहायचे, आरोग्य खात्याच्या निरीक्षकाला कोणी तरी उत्तर द्यायचे, स्वयंपाकघर कोणी तरी सांभाळायचे. हे कोणी तरी म्हणजे बहुतेक वेळा चौदा-पंधराव्या वर्षी शाळेने नापास ठरवलेली, दोन मुलांची तरुण आई. तिला स्वतःला माओरी येत नसे. ती मुलाबरोबर बसून शिकू लागली, खतावणी लिहू लागली, चारचौघांत उभी राहून बोलू लागली. यांपैकी अनेकींनी पुढे शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा केला. कोहांगा रेओच्या राष्ट्रीय विश्वस्त संस्थेने त्यासाठी ‘फाकापाकारी’ नावाचा स्वतःचा तीन वर्षांचा प्रशिक्षणक्रम उभारला. काम करता करता शिकण्याचा हा क्रम पुढे सरकारमान्य झाला. बालवाडीच्या नावाने चाललेले हे खरे तर प्रौढांचे व्यवसाय-शिक्षण होते. फरक इतकाच की, येथे विद्यार्थिनीला भाषा सोडून धंदा शिकावा लागला नाही. भाषा हाच तिचा धंदा झाला.

उकिरड्यावरची शाळा

याच सुमारास वायकाटो प्रदेशातील ते आवामुतू या गावी दुसऱ्या टोकाने सुरुवात झाली. तेथील माध्यमिक शाळेतून काढून टाकली गेलेली किंवा काढली जाण्याच्या बेतात असलेली माओरी मुले ही सर्वांचीच डोकेदुखी होती. शाळेच्या नियामक मंडळावर असलेले रोंगो वेतेरे यांनी सुचवले की, या मुलांच्या हातून शाळेच्या आवारात पारंपरिक सभागृह, म्हणजे ‘मराए’, बांधून घ्यावे. मुले कोरीव काम शिकली, विणकाम शिकली. आणि कोरायच्या खांबावर कोणता पूर्वज आहे, त्याचे नाव काय, कथा काय, हे समजून घ्यायचे तर भाषेवाचून गत्यंतर नव्हते. या अनुभवातून १९८० च्या दशकाच्या मध्यास गावाच्या जुन्या कचरा-डेपोच्या जागेवर वायपा कोकिरी कला केंद्र उभे राहिले. बेकार तरुणांच्या प्रशिक्षणासाठी सरकार देत असलेला पैसा हा त्याचा सुरुवातीचा आधार. भाषेसाठी कोणी पैसा देईना, प्रशिक्षणासाठी देत होते. मग प्रशिक्षणाच्या दाराने भाषा आत आली.

या केंद्राची पुढे ‘ते वानांगा ओ आओतेआरोआ’ ही संस्था झाली आणि १९९३ साली तिला कायद्याने उच्च शिक्षणसंस्थेचा दर्जा मिळाला. इमारतींसाठी मात्र अन्य विद्यापीठांना मिळाला तसा पैसा तिला मिळाला नव्हता. वायटांगी न्यायाधिकरणाने १९९९ साली हा अन्याय असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर तिने विनामूल्य माओरी वर्ग देशभर चालवले आणि एका काळी विद्यार्थिसंख्येत ती देशातील सर्वांत मोठी संस्था ठरली. २००५ साली कारभारातील गैरव्यवस्थेवरून सरकारला हस्तक्षेप करावा लागला, हेही नमूद केले पाहिजे. भराभर वाढलेल्या संस्थांना हा रोग जडतोच. पण ज्या पोरांना शाळेने उकिरड्यावर टाकले, त्यांच्यासाठी खरोखरच उकिरड्यावर सुरू झालेले केंद्र उच्च शिक्षणाच्या पंगतीला बसले, हे त्यामुळे खोटे होत नाही.

भाषेचा आणि नोकरीचा संबंध किती नाजूक असतो, याचे एक उदाहरण तेथे सर्वांच्या तोंडी आहे. १९८४ साली ऑकलंडच्या टेलिफोन कार्यालयातील नायडा ग्लाविश ही ट्रंक-ऑपरेटर फोन उचलताना ‘किया ओरा’ असे माओरी अभिवादन करीत असे. वरिष्ठांनी मनाई केली. तिने मानले नाही. तिला फोनवरून हलवण्यात आले. देशभर वाद उसळला. पुष्कळ गोरे लोकही मुद्दाम फोन करून ऑपरेटरला ‘किया ओरा’ म्हणू लागले. प्रकरण पंतप्रधानांपर्यंत गेले आणि अखेरीस मनाई उठली. दोन शब्दांचा मामला, पण कचेरीच्या टेबलावर भाषेला जागा आहे की नाही, हा प्रश्न त्यात होता. ज्यांनी महाराष्ट्रात मराठीतून टिपणी लिहिण्याचे पहिले दिवस पाहिले, त्यांना या दोन शब्दांचे मोल वेगळे सांगायला नको.

१९८५ साली माओरी भाषा हा १८४० च्या वायटांगी कराराने रक्षण केलेला ‘ताओंगा’, म्हणजे ठेवा आहे, असा दावा न्यायाधिकरणापुढे आला. १९८६ साली तो मान्य झाला आणि १९८७ च्या कायद्याने माओरी ही देशाची अधिकृत भाषा झाली. त्यातून दुभाषे, भाषांतरकार, शिक्षक, आकाशवाणीवरचे निवेदक अशा जागा निघाल्या. २००४ साली माओरी दूरचित्रवाणी आली. या जागा भरायला माणसे मिळाली, याचे श्रेय पुष्कळसे त्या घरट्यांना आहे.

मग सारे आलबेल आहे काय? नाही. १९९३ साली आठशेहून अधिक घरटी होती, चौदा हजारांवर मुले होती. बालशिक्षण घेणाऱ्या माओरी मुलांपैकी जवळजवळ निम्मी तेथे येत. २०११ पर्यंत केंद्रे साडेचारशेच्या आसपास आणि मुले साडेनऊ हजारांवर आली. प्रमाण पावपटीच्याही खाली उतरले. कारणे अनेक असली, तरी एक मोठे कारण कारभाराचे आहे. १९९० च्या सुमारास माओरी व्यवहार खाते मोडीत निघाले आणि घरटी शिक्षण खात्याकडे गेली. शिक्षण खात्याने त्यांना बालवाडीच्या मापाने मोजले: इतक्या मुलांमागे इतके पदवीधर, इतक्या चौरस फुटांची जागा, अमुक अर्ज, तमुक तपासणी. पदवीधर शिक्षकांची संख्या वाढेल तसे अनुदान वाढत गेले, आणि पदवी नसलेली परंतु भाषा असलेली आजी या गणितात बसेना. आईबापांचे शिकणे तर कोणत्याच रकान्यात नव्हते. न्यायाधिकरणाने २०१२ साली आपल्या अहवालात याच धोरणावर ठपका ठेवला. अर्थात मुलांच्या सुरक्षिततेसाठी नियम हवेत, याबद्दल वाद नाही. गॅरेजमध्ये भरणारी बालवाडी कायमची गॅरेजमध्ये राहावी असे कोण म्हणेल? मुद्दा एवढाच की, एका केंद्रात एकत्र नांदणाऱ्या दोन गोष्टी दोन खात्यांच्या दोन फायलींत गेल्या आणि दोन्ही लंगड्या झाल्या.

बेकारीनेही आपला वाटा उचलला. १९८४ नंतरच्या आर्थिक फेररचनेत रेल्वे, वनखाते, मांस-कारखाने यांतली कामे गेली, आणि १९९० च्या दशकारंभी काम मागणाऱ्या माओरींपैकी सुमारे चौथा हिस्सा बेकार होता. अशा काळात बिनपगारी सेवेवर चालणारी चळवळ किती दिवस तग धरणार? जी आई सकाळी केंद्रात राबत होती, तिला दुपारी कुठे तरी चार तासांची नोकरी पाहणे भाग होते. या चळवळीने स्त्रियांच्या फुकट श्रमावर भिस्त ठेवली, हा तिच्यावरील आक्षेप माओरी स्त्रियांनीच घेतला आहे आणि तो बिनतोड आहे.

महाराष्ट्रातील वाचकाला या सर्व प्रकारात काही ओळखीचे वाटेल. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे ३० लाख होते, म्हणजे बेंटन यांच्या सत्तर हजारांच्या चाळीसपटीहून अधिक. संख्या मोठी; पण आश्रमशाळेत मराठी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मराठी किंवा इंग्रजी, आणि अर्ज लिहायचा तोही मराठीत, अशा जगात गोंडी येण्याने कोणाला नोकरी मिळत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतःच्या हिमतीवर सुरू केली, तेव्हा शिक्षण खात्याने तिला अनधिकृत ठरवले. वैनुइओमाताच्या आज्यांकडेही परवाना नव्हता. त्यांच्या पाठीशी एक खाते होते, एवढा फरक.

न्यूझीलंडच्या २०२३ च्या जनगणनेत माओरी बोलू शकणारे २ लाख १३ हजारांवर भरले. आकडा वाढता आहे आणि २०४० पर्यंत दहा लाख लोकांना निदान जुजबी माओरी यावी, असे सरकारी उद्दिष्ट २०१९ मध्ये ठरले. परंतु त्याच २०२३ सालच्या अखेरीस सत्तेवर आलेल्या सरकारने माओरी जाणणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यांना मिळणारा भाषा-भत्ता थांबवण्याचा मनोदय जाहीर केला, आणि २०२४ च्या सप्टेंबरात शिक्षकांना माओरी शिकवणाऱ्या योजनेचे तीन कोटी डॉलर काढून ते गणिताच्या पुस्तकांसाठी व साहित्यासाठी वळवले. गणिताची पुस्तके कोणाला नकोत? पण भत्ता गेलेला कारकून आणि प्रशिक्षण बंद झालेली शिक्षिका यांना आता संध्याकाळी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या खर्चाने माओरी शिकायची आहे. १९८२ साली त्या केंद्रातल्या बायका तेच करीत होत्या.